लार्क्सची कोच कोण होणार

१२ मार्च, मंगळवार

लार्क्सची मुख्य कोच फ्रान जातेय! सव्वीस वर्षांनी! दुपारी रेडिओवर सांगितलं तेव्हा मी राजम्याच्या चिलीत मीठ घालत होते, ते दोनदा पडलं. माझ्या नवऱ्याने, लायलने, ती खारट चिली सगळी संपवली आणि वर दालचिनीचे तीन रोल खाल्ले. म्हणजे त्यालाही लागलंय.

गुडघे, म्हणे. फ्रान पत्रकारांना म्हणाली, "पंचांवर ओरडायला उठावं, तर मी उभी राहीपर्यंत खेळ पलीकडच्या टोकाला पोचलेला असतो." हसू आलं, मग रडूही आलं.

पण टीमची काळजी नाही. डेना आहे ना! डेना क्रूपिका चार वर्षं लार्क्सकडून कॉलेजचं बास्केटबॉल खेळली आणि एकोणीस वर्षं सहायक कोच म्हणून फ्रानच्या उजव्या हाताला बसली. गावात कुणालाही विचारा, पुढची मुख्य कोच कोण — विचारणाऱ्यालाच वेड्यात काढतील.

मी या टीमची बस बावीस वर्षं चालवली. माणसं मला समोरून फारशी कळत नाहीत, वरच्या आरशातून कळतात. मॅच हरली की फ्रान पुढच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसायची, ती थेट घर येईपर्यंत. डेना उठायची. एकेका मुलीच्या शेजारी पाच-पाच मिनिटं. जिने शेवटचा फ्री थ्रो घालवला असेल तिच्याकडे सगळ्यांत शेवटी, आणि सगळ्यांत जास्त वेळ. एकदा नॉर्थ प्लॅटच्या अलीकडे हिमवादळात आठ तास अडकलो होतो. मुली थंडीने आखडू नयेत म्हणून हिने दोन सीटांमधल्या वाटेत त्यांच्याकडून बचावाची पावलं घोटून घेतली. अख्खी बस डोलत होती! मी ओरडले, तर म्हणते कशी, "आर्डिस, बसून काय राहिलीस, तूही ये!"

अशी बाई घरात असताना शोधायचं काय?

१४ मार्च, गुरुवार

शोधणार आहेत! देशभर!

ट्रेंट बोल्डन. आमच्या कॉलेजचे क्रीडा संचालक. इथे येऊन तीन वर्षं झाली, पण लार्क पक्षी कुठला आणि चिमणी कुठली हे त्यांना अजून सांगता येणार नाही. "सर्वोत्तम व्यक्तीसाठी देशव्यापी शोध" — असं पेपरात छापून आलंय. त्यासाठी बाहेरची कंपनीही नेमलीय. डेनाचं ऑफिस त्यांच्या ऑफिसपासून चौदा पावलांवर आहे. कंपनी कशाला? दार वाजवा की!

सकाळी डायनरमध्ये हाच विषय. लव्हॉन आली तीच कोट न काढता बसली. लव्हॉन म्हणजे माझ्या शेजारच्या सीटवर तीस वर्षं बसणारी, पंचांना शिव्या देण्यात माझी गुरू. ती म्हणाली, "देशभर शोधा नाहीतर चंद्रावर शोधा. शेवटी डेनाच. उगाच कागद रंगवायचे म्हणून रंगवताहेत."

"मग रंगवायचेच कशाला?"

"कायदा असतो बाई. तू पॅनकेक खा."

खाल्ले.

१५ मार्च, शुक्रवार

चाहत्यांच्या कट्ट्यावर — म्हणजे कॉम्प्युटरवरच्या — एका दिवसात तीनशे चाळीस पोस्टी. लोकांना कामधंदे नाहीत का? (त्यातल्या अकरा माझ्या.)

१८ मार्च, सोमवार

नवंच खूळ. केली-अ‍ॅन मर्ट्झचं नाव आलंय! दोन वर्षं लार्क्सकडून खेळली, मग मोठं कॉलेज मिळालं तशी भुर्र. नंतर व्यावसायिक लीग, आणि आता टीव्हीवर बसून मॅचवर बोलते. केस छान असतात, एवढं कबूल. पण आयुष्यात कधी कुणाला कोचिंग केलेलं नाही. एका पोरीला साधी बुटाची नाडी बांधायला शिकवलेली नाही!

कट्ट्यावर तर मारामारी. 'शेवटची रांग' नावाने लिहिणारा कुणी एक आहे, तो म्हणतो — हल्ली मुली दर वर्षी कॉलेज बदलतात, त्यांना थांबवायला मोठं नाव लागतं, मर्ट्झ आणा, हॉल भरेल. वर हेही, की डेना भली बाई आहे पण "तिला कोण ओळखतं?"

तळपायाची आग मस्तकात गेली. कोण ओळखतं? त्या मुलींच्या आया ओळखतात! कुणाच्या आईचं ऑपरेशन कधी आहे, कुणाच्या भावाला कुठे अटक झाली, हे डेनाला तोंडपाठ असतं. मी लिहिलं — 'आरशातून' हे माझं तिथलं नाव — "मर्ट्झबाई दोन वर्षांत मोठ्या ठिकाणी उडून जातील. आधी गेल्याच होत्या. बोमरवाले आपल्याला हसतील." बोमरचं नाव काढलं की कट्टा पेटतो. अठ्ठेचाळीस मैलांवरच्या त्या कॉलेजात जांभळ्या स्वेटरवाले बसलेत, आपलं वाईट कधी होतंय याची वाट बघत.

त्यावर 'शेवटची रांग'चं उत्तर — "आजी, शांत व्हा."

आजी! माझं वय त्याला कसं कळलं?

२० मार्च, बुधवार

बोल्डनसाहेबांकडून पत्र. सीझनचं तिकीट घेणाऱ्या सगळ्यांना आलंय. "तुमचा आवाज आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." तळाशी प्रश्न — पुढच्या मुख्य कोचकडे कोणती एक गोष्ट असलीच पाहिजे? खाली चौकटी, एकाच चौकटीत खूण करायची. लार्क्सशी जुनं नातं. खेळाडू म्हणून नाव. नव्या मुली मिळवण्याचं कसब. मुख्य कोच म्हणून किमान पाच वर्षांचा अनुभव. आणखी दोन होत्या, त्या नुसत्याच गोडगोड.

लव्हॉन 'जुनं नातं'वर खूण करणार होती. मी तिचा हात धरला. थांब! मर्ट्झसुद्धा जुनी लार्कच आहे. त्या चौकटीत खूण म्हणजे तिलाच मत. नाव तिच्याकडे आहे, कसब आहे असं म्हणतात. तिला अडवणारी चौकट एकच — पाच वर्षांची!

लव्हॉन माझ्याकडे बघतच राहिली. "आर्डिस, तू बस चालवण्यात आयुष्य वाया घालवलंस."

"आणि डेनाला काय अडचण? पाच मागतात, तिच्याकडे एकोणीस आहेत."

संध्याकाळी कट्ट्यावर टाकलं. सगळ्यांनी एकच खूण करायची, पाच वर्षं. कारणही लिहिलं. बाप रे, काय प्रतिसाद! ज्यांचं एकमेकांशी कधी पटलं नाही तेही "मान्य" लिहून गेले. लव्हॉनने चर्चची फोनची यादी काढली आणि वरपासून सुरुवात केली. खूप दिवसांनी काहीतरी केल्यासारखं वाटतंय.

२१ मार्च, गुरुवार

डेना आली होती. दोन कोट घेऊन! उद्या तिची मुलाखत. "हिरवा घालू की काळा? हिरव्यात मी लाचार दिसते का?"

"हिरव्यात तू लार्क दिसतेस."

हिरवाच ठरला. मी इस्त्री फिरवली, ती ओट्याला टेकून उभी राहिली. कॉफी घेतली नाही. काळ्या कोटाची बटणं लावत-काढत राहिली. चाळीस हजार लोकांसमोर न घाबरणारी बाई! (ठीक आहे, चार हजार.)

मग हळूच म्हणाली, "हे नाही झालं ना आर्डिस, तर मला जावं लागेल. नवा कोच आपली माणसं आणतो. असंच असतं ते. मी तेवीस वर्षं याच एका गावात आहे. दुसरीकडे मला राहता तरी येईल का?"

मी म्हटलं, "वेडी आहेस का! तुझं सोडून कुणाचं होणार आहे? अख्खं गाव तुझ्या मागे आहे. बघच तू."

आमच्या बेताचं सांगणार होते, जीभ चावली. ती कॉलेजची माणूस, तिला यात ओढायला नको. मी मनात म्हटलं, झाल्यावर सांगू, पोट धरून हसेल.

२३ मार्च, शनिवार

आज सकाळी आमची शोभा झाली. लिहावं की नको?

लायल शेतावर फवारणी करणारी विमानं दुरुस्त करायचा. त्याला हर्ब स्टॅनेकच्या विमानाचा नंबर पाठ आहे. हर्ब खताचा मोठा व्यापारी, कॉलेजला देणग्या देतो, आणि कॉलेजला कुणाला गुपचूप आणायचं असलं की विमान त्याचं. शोध सुरू झाल्यापासून लायल टॅब्लेटवर त्या विमानावर डोळा ठेवून बसलाय. जेवताना, दाढी करताना, सगळीकडे. काल विमान टेक्सासला गेलं — आणि मर्ट्झ राहते टेक्सासमध्ये!

मग काय, सकाळी नऊला गावाबाहेरच्या विमानतळावर आम्ही तीसेक जण. थंडीने नाकं लाल. वर क्रौंचांचे थवे नदीकडे निघालेले, खाली आम्ही पाट्या घेऊन. 'आमची डेना!' 'उडून जाणारी नको!' लव्हॉनने गाईची घंटा आणली होती, मॅचला वाजवतो ती.

विमान उतरलं. दार उघडलं. आतून हर्बने कुणाला तरी अलगद धरून उतरवलं — त्याची सासू! ब्याण्णव वर्षांची! खुब्याचं ऑपरेशन करून आलेली! तिला वाटलं, आम्ही तिच्यासाठीच जमलोय. तिने हात उंच केला. आता काय करणार? आम्ही टाळ्या वाजवल्या. लव्हॉनने घंटासुद्धा वाजवली. म्हातारी रडायला लागली, म्हणाली, "माझी इतकी आठवण ठेवलीत!"

हर्बने पाट्या वाचल्या. एवढंच म्हणाला, "घरी जा रे सगळे, गारठून मराल."

लायल गाडीत म्हणाला, "यंत्रात काही चूक नव्हती."

२६ मार्च, मंगळवार

लव्हॉनच्या हिशेबाने पाचशेच्या आसपास लोकांनी पाच वर्षांवर खूण केली. पाचशे! कट्ट्यावर बातमी आहे, मर्ट्झचं नाव यादीतून उडालं. डेनाला जागा मिळाली म्हणायची! 'शेवटची रांग' गप्प आहे. आजीने शांत केलं म्हणायचं.

३१ मार्च, ईस्टर

डेना चर्चमध्ये नव्हती. आई आजारी असेल.

२ एप्रिल, मंगळवार

डेरेक सोमर्स.

डेरेक सोमर्स! ओहायोचा! कधी नाव ऐकलंय? नऊ वर्षं मुख्य कोच होता, तीन ठिकाणी, आणि शेवटच्या ठिकाणाहून काढलेला. काढलेला! तो आमच्या डेनाच्या डोक्यावर!

पत्रकार परिषद बघायला मी आणि लव्हॉन हॉलमध्ये गेलो. बोल्डनसाहेबांच्या चेहऱ्यावर तर जणू लेकीचं लग्न होतं. सोमर्स उंच आहे, दात पांढरेशुभ्र, आणि पहिल्याच वाक्यात आम्हाला "हॉक्स" म्हणाला. हॉक्स! ससाणे! मागे वीस फुटांचा लार्क रंगवलाय! कुणीतरी खोकलं, तेव्हा दुरुस्त केलं. मग म्हणाला, "इथली संस्कृती मी शून्यातून उभी करणार." शून्यातून! फ्रान पहिल्या रांगेत बसली होती. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, तिने गुडघ्यावरचा हात गुडघ्यावरच ठेवला. सव्वीस वर्षं शून्य!

डेना कुठेच दिसली नाही.

लव्हॉनने घंटा पर्समधून काढली, मग परत ठेवली. बाहेर आल्यावर म्हणाली, "तोंडाला पानं पुसली गं आपल्या." मला ओरडायचं होतं.

३ एप्रिल, बुधवार

दहा वाजता गावातला वादळाचा भोंगा वाजला. दर महिन्याला वाजवून बघतात तो. आज वाटलं, वाजू दे, आणखी वाजू दे.

कट्टा पेटलाय. सातशे पोस्टी. अर्धे म्हणताहेत बोल्डनला हाकला, अर्धे म्हणताहेत सोमर्सला एक संधी द्या. संधी! डेनाला कुणी दिली? मी लिहिलं, "ज्या बाईने एकोणीस वर्षं दिली तिलाच बाजूला सारलं. ज्यांनी हे केलं त्यांना लाज वाटली पाहिजे. रात्री झोप कशी लागते त्यांना?" दोनशे दहा जणांना आवडलं. माझी सगळ्यांत गाजलेली पोस्ट.

लव्हॉन आणि मी ठरवलंय, तिकिटं परत करायची. तोंडावर. शुक्रवारी.

५ एप्रिल, शुक्रवार

जे झालं ते झालं तसं लिहिते.

लव्हॉनला ऐन वेळी दाढ ठणकायला लागली, मी एकटीच गेले. पाकिटात दोन्ही तिकिटं, वर चिठ्ठी. बोल्डनसाहेबांनी भेटायला लगेच बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. तिथेच मला राग आला. भांडायला आलेल्या माणसाला पाणी देऊ नये.

मी सगळं बोलले. बसमध्ये बघितलेलं सगळं. हिमवादळ, फ्री थ्रो, आया. तुम्ही चाहत्यांचं ऐकलं नाही, म्हटलं. गावाला पायपुसणं केलंत.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग खणातून एक फाइल काढली, एक कागद माझ्यासमोर सरकवला. रंगीत खांब काढलेले. एक खांब छतापर्यंत, बाकीचे मुंगीएवढे. "पाचशे अडतीस उत्तरं आली, मॅडम. चारशे एक्याण्णव लोकांनी एकच गोष्ट सांगितली. मुख्य कोच म्हणून किमान पाच वर्षं. माझ्या सगळ्या नोकरीत चाहते इतके एकमताने काही बोललेले मी बघितले नाहीत. निवड समितीने तीच पहिली अट केली."

"बरोबर! मग डेनाला एकोणीस—"

"मुख्य कोच म्हणून किती?"

मी बोटांवर मोजायला गेले.

"शून्य," ते म्हणाले. "वाईट मलाही वाटलं. मुलाखत तिची सगळ्यांत चांगली झाली होती. पण चारशे एक्याण्णव लोकांना मी काय तोंड दाखवू?"

त्यांना निमित्त हवं होतं की त्यांनी खरंच आमचं ऐकलं? चेहऱ्यावरून कळेना. समोरून मला कुणी कळतच नाही. दोन्ही असेल. पण निमित्त शोधून, घडवून, वर फोन करकरून त्यांच्या हातात दिलं कुणी? मी!

मग जाता जाता विचारलं, डेनाला हे माहीत आहे?

"तिला कारण विचारायचा हक्क होता. मी हाच कागद दाखवला."

तिकिटं परत द्यायला गेले होते, तशीच घेऊन आले.

६ एप्रिल, शनिवार

लायलला सांगितलं नाही. त्याने विचारलं, ओरडलीस का चांगली? मी म्हटलं, हो.

७ एप्रिल, रविवार

डेनाने तो कागद बघितला. चारशे एक्याण्णव! जे लोक तिच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवतात, त्यांनीच लिहून दिलं की तू नको. तिला असंच वाटत असणार. ईस्टरला ती चर्चला का आली नाही, ते आत्ता कळलं. आई बरी आहे तिची.

आणि मी तिचा कोट इस्त्री करून दिला. अख्खं गाव तुझ्या मागे आहे, म्हटलं!

९ एप्रिल, मंगळवार

लव्हॉनला सांगितलं. डायनरमध्ये, तिच्या तोंडात घास असताना.

आधी म्हणाली, शक्यच नाही. मग म्हणाली, बोल्डन खोटं बोलतो. मग साखरेच्या पुड्या रांगेत लावत बसली. "पण डेनाच तर सगळं चालवायची गं. फ्रानला चष्म्याशिवाय फळासुद्धा दिसत नव्हता. डेना मुख्य नव्हती हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"माझ्याही."

"चारशे एक्याण्णवांपैकी एकाच्याही नाही?"

नाही! तेच तर! एकाच्याही नाही!

"कुणाला सांगू नकोस," लव्हॉन म्हणाली. "आपोआप विसरतील."

तिचा रागच आला मला. खरं तर तिचा नाही.

११ एप्रिल, गुरुवार

कट्ट्यावर लिहिलं. 'आरशातून' म्हणून नाही. नाव, आडनाव, सेक्शन एफ, रांग तीन. पाच वर्षांची युक्ती माझी. त्याच युक्तीने डेनाचा पत्ता कापला गेला. झोप कशी लागते त्यांना असं मी विचारलं होतं — लागत नाही.

चार तासांत दोनशे उत्तरं. मला मूर्ख म्हणणारे बरेच. गंमत अशी की खूण केलेली कुणालाच आठवत नाही! "मी तर जुन्या नात्यावर केली होती." "माझं पत्र पोस्टात गहाळ झालं." सगळे असे सोवळे. मग चारशे एक्याण्णव खुणा केल्या कुणी, हर्बच्या सासूने?

फक्त 'शेवटची रांग'ने लिहिलं, "मीही केली होती. तुमचं ऐकून मत बदललं. डेनासाठीच." मी त्याला इतके दिवस शत्रू समजत होते. 

१३ एप्रिल, शनिवार

डेनाकडे गेले. गॅरेजचं दार उघडं होतं. ती खोक्यांवर चिकटपट्टी लावत होती. मी म्हटलं, सांगायचंय. ती म्हणाली, "वाचलं मी कट्ट्यावर. बस."

बसायला खुर्ची नव्हती, खोक्यावर बसले.

तिने आणखी एका खोक्यावर पट्टी ओढली. मग म्हणाली, "दोन आठवडे मी किराणा आणायला वीस मैल लांब जातेय, आर्डिस. इथल्या दुकानात कुणी भेटेल म्हणून. समोर येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून वाटायचं, हासुद्धा? हिनेसुद्धा? पोस्टमनने गुड मॉर्निंग केलं तर मला वाटलं, कीव करतोय."

मी रडले. ती नाही रडली.

"तूही केलीस खूण?"

"सगळ्यांत आधी."

"मला एक फोन करायचा होतास. मी त्याच दिवशी सांगितलं असतं."

"तुला यात ओढायचं नव्हतं."

"माझ्याच नोकरीत?" आता मात्र तिचा आवाज चढला. बसमध्ये बावीस वर्षांत कधी चढलेला ऐकला नव्हता. "तुम्ही सगळे माझ्यासाठी इतकं धावलात, पाट्या काय, विमानं काय — आणि मला कुणी काही विचारलंच नाही! बोल्डनने नाही आणि तुम्हीही नाही!"

बरोबर बोलली. मी चिकटपट्टी धरली, ती कापत गेली. सात खोकी झाली. निघताना तिने मिठी मारली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. "गुडघा सांभाळ, पायरी मोडलीय," एवढंच.

१९ एप्रिल, शुक्रवार

सोमर्सने स्वतःची माणसं आणली. तिघं. डेनाच्या दारावरची पाटी काढली, स्क्रूची भोकं तेवढी राहिलीत. लव्हॉन बघून आली.

२७ एप्रिल, शनिवार

बोमरने डेनाला घेतलं! मुख्य कोच! बोमरने! जांभळ्या स्वेटरवाल्यांनी! त्यांच्या संचालकबाईंनी फोन केला, दोन तास बोलल्या आणि संपवलं. शोध नाही, कंपनी नाही, चौकटी नाहीत.

त्यांच्या कट्ट्यावर जाऊन बघितलं. आग लागलीय नुसती. "ही कोण? कधी मुख्य कोच तरी होती का? एक दिवसाचा अनुभव नाही! आणि आम्हा चाहत्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही!"

मी नाव नोंदवलं. खरं नाव. लिहिलं, "विचारलं नाही तेच बरं झालं. मी तिची बस बावीस वर्षं चालवलीय. गप्प बसा आणि बघा."

जानेवारीत बोमर इथे खेळायला येणार. लायलने विचारलं, तेव्हा तू कुठल्या बाजूला बसणार?

तीस वर्षं सेक्शन एफ, रांग तीन. मी विचारसुद्धा केला नाही. पलीकडच्या, म्हटलं.